ओठांची लाली : करंड्यातले मेण आणि परसातले रंग

टेंभुर्णी (जि. जालना) : टेंभुर्णी हे मुळात झाडाचे नाव. या झाडाच्या पानांच्या विड्या वळल्या जातात आणि विडीच्या धुराने ओठ काळवंडतात. ओठ लाल करण्याच्या कामी या झाडाचा काहीच उपयोग नाही. मात्र त्याचेच नाव असलेल्या जाफराबाद तालुक्यातील या गावात, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही बाजाराच्या गावात, ओठांची लाली घरी तयार करावयाची म्हटल्यास लागणारे बहुतेक सामान किराणा, भाजीबाजार आणि काष्ठौषधींचे दुकान एवढ्या फेरीत जमू शकते. अडचण सामान मिळविण्याची नसते, ते निवडण्याची असते.

कटलरीच्या दुकानात आज वीस-तीस रुपयांतही लिपस्टिक मिळते. तिच्यात नेमके काय आहे याविषयी शंका असणाऱ्या महिला घरगुती कृतींकडे वळतात. अशा कृती उदंड आहेत. बीट किसा, रस ओठांना चोळा, झाले. प्रत्यक्षात हा रंग पहिल्या चहाच्या कपाला लागून निघून जातो आणि कृती खोटी होती असा ग्रह होतो. कृती खोटी नसते, अपुरी असते. ओठाच्या त्वचेवरील बाह्य थर अत्यंत पातळ असतो आणि अंगावरील इतर त्वचेला तेलकट ठेवणाऱ्या ग्रंथी तेथे जवळजवळ नसतात. शिवाय ओठ दिवसभर ओले होत राहतात. त्यामुळे पाण्यात विरघळणारा रंग तेथे टिकत नाही. त्याला तेल-मेणाचा आधार लागतो किंवा मुळातच तेलात उतरणारा रंग घ्यावा लागतो. घरगुती लालीचे सारे शास्त्र एवढ्या एका गोष्टीत आहे.

हे शास्त्र मराठी घरांना नवे नाही. जुन्या फणी-करंड्यात कुंकवाच्या डबीशेजारी मेणाची लहान डबी असे. कपाळावर आधी मेणाचा ठिपका टेकवावयाचा आणि त्यावर कोरडे कुंकू बसवावयाचे, म्हणजे ते उन्हातान्हात व घामातही ढळत नसे. खाली मेण आणि वर रंग, हेच तत्त्व पुढे लिपस्टिकच्या कांडीत आले. फरक इतकाच, की तेथे दोन्ही एकत्र वितळवून साच्यात ओतले जातात. ओठांना मेण लावण्याची रीत तर त्याहूनही जुनी आहे. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तील सातव्या सर्गात पार्वतीच्या विवाहसमयीच्या शृंगाराचे वर्णन येते. तेथे तिच्या ओठाची लाली मधाच्या पोळ्यातील मेणाने खुलविल्याचा उल्लेख आहे.

मेणाचे माप आणि मराठवाड्याचे ऊन

मेण म्हणजे मधमाश्यांचेच. मेणबत्तीचे मेण बहुधा पेट्रोलियमपासून काढलेले पॅराफिन असते आणि बाजारातील रंगीत, सुवासिक मेणबत्त्या तर या कामी सर्वथा वर्ज्य. मधमाश्यांचे मेण पिवळसर असते, त्याला मधाचा मंद वास येतो. खादी-ग्रामोद्योगाच्या दुकानांत किंवा मध उत्पादकांकडे ते मिळते. महाबळेश्वर परिसर मधासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेथील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

नुसते मेण ओठांवर पसरत नाही आणि नुसते तेल राहत नाही. यास्तव मेण, घट्ट स्निग्ध पदार्थ आणि पातळ तेल असे तिहेरी मिश्रण करावे लागते. घट्ट स्निग्ध पदार्थ म्हणून कोकमाच्या बियांचे तेल उत्तम. कोकणात त्याला भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात आणि फुटलेल्या ओठांवर व टाचांच्या भेगांवर ते पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. त्याचे घट्ट पांढरट गोळे विकत मिळतात.

येथे पुण्या-मुंबईच्या कृती मराठवाड्यात फसण्याचे कारणही सांगितले पाहिजे. खोबरेल तेल सुमारे २५ अंश सेल्सिअसला वितळते, कोकमतेल ४० अंशांच्या आसपास आणि मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना. जालना जिल्ह्यात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी खोबरेल अधिक घातलेली लाली डबीतच पाणी होते. उन्हाळ्यासाठी मेणाचे प्रमाण वाढवावे. हिवाळ्यात कमी करावे, अन्यथा कोरड्या थंडीत ती दगडासारखी होते व फुटलेल्या ओठावर घासली जाते.

तेलात उतरणारे दोन रंग

घरगुती लालीसाठी सर्वांत भरवशाचा रंग बिटाचा नव्हे, रतनजोतीचा. काश्मिरी रोगनजोशला लाल रंग देणारी ही मुळी आहे. सुकलेल्या, जांभळट-काळ्या सालीच्या स्वरूपात ती काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. पाण्यात टाकली तर ती फारसा रंग सोडत नाही. कोमट तेलात टाकताच काही मिनिटांत तेल माणकासारखे लाल होते. आम्लधर्मी राहिल्यास हा रंग लाल राहतो, चुना वा सोडा लागल्यास निळसर-जांभळा होतो. म्हणून रतनजोतीच्या तेलात खाण्याचा सोडा घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. रतनजोत या नावाने विकल्या जाणाऱ्या मुळ्या एकाच वनस्पतीच्या नसतात आणि त्या ज्या कुळातील आहेत त्या कुळातील अनेक वनस्पतींत यकृताला अपाय करणारे अल्कलॉइड आढळतात. ओठांना लावलेले थोडेफार पोटात जातेच. त्यामुळे रतनजोतीची लाली सणासमारंभापुरती ठेवावी, रोज वापरू नये. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुली यांनी ती टाळलेलीच बरी.

दुसरा रंग शेंद्रीचा. बोंडासारख्या काटेरी फळातील बियांवर नारिंगी-लाल आवरण असते आणि त्याचा रंग तेलात सहज उतरतो. लोणी व चीज यांना पिवळसर-केशरी छटा देण्यासाठी जगभर हाच रंग वापरतात आणि भारतातही खाद्यपदार्थांत त्यास अनुमती आहे. एकट्या शेंद्रीने ओठ केशरी दिसतात. रतनजोतीच्या तेलाबरोबर मिसळल्यास विटकरी लाल छटा येते आणि सावळ्या वर्णावर ती विशेष खुलते.

शेंद्रीबाबत नावाचा घोटाळा मात्र ध्यानात ठेवावा. मराठीत शेंद्री हे नाव दोन झाडांना आहे. रानात आढळणाऱ्या दुसऱ्या शेंद्रीच्या फळांवरील लाल भुकटीस आयुर्वेदात कंपिल्लक किंवा कपिला म्हणतात. ती जंतांवरचे औषध व तीव्र रेचक आहे. ती ओठांना लावण्याची वस्तू नव्हे. ओळख पटविण्याची खूण सोपी आहे. कामाची शेंद्री बिया म्हणून मिळते. भुकटी म्हणून कोणी शेंद्री देऊ लागल्यास ती घेऊ नये.

बीट, अंबाडी आणि इतर

बीट वाया जात नाही, फक्त त्याचा रस न वापरता पूड वापरावी. पातळ चकत्या सावलीत कडकडीत वाळवून कुटाव्यात आणि मलमलच्या कापडातून दोनदा चाळून घ्याव्यात. ही पूड मेणात विरघळत नाही, पण बारीक असल्यास त्यात तरंगत राहते व गुलाबी छटा देते. जाड राहिल्यास ओठांवर वाळूसारखी खरखरते. बिटाचा रंग उष्णता व उजेड दोन्हीला भितो. म्हणून पूड नेहमी मिश्रण चुलीवरून उतरविल्यावर घालावी आणि डबी अंधारात ठेवावी.

दिवाळीनंतर मराठवाड्याच्या बाजारात लाल अंबाडीची बोंडे दिसू लागतात. चटणीस व सरबतास ती जितकी चांगली, तितका त्यांचा रंगही देखणा. हा रंग आंबटपणात लाल राहतो आणि क्षार मिळताच जांभळा, मग मळकट होतो. बोअरच्या जड पाण्यात उकळल्यास हाच अनुभव येतो. शिवाय बोंडांचा आंबटपणा फुटलेल्या ओठांना झोंबतो. एका संध्याकाळपुरता ओठांना रंग देण्यास अंबाडीचा आटवलेला रस चालेल, तोही वरून मेण-तेलाचा हात फिरवून. जांभूळ व डाळिंब यांची गत साधारण हीच.

विड्याविषयी थोडे अधिक सांगावयास हवे, कारण ओठ रंगविण्याचे हे आपल्याकडील सर्वांत जुने आणि सर्वांत लाडके साधन. पान, कात, चुना व सुपारी तोंडात एकत्र येतात तेव्हा कात व सुपारीतील तुरट द्रव्ये चुन्याच्या क्षारात लाल होतात. विडा किती रंगला यावरून थट्टामस्करी करण्याची आपल्याकडे रीतच आहे. तथापि, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसतानाही, मानवात कर्करोग घडविणारा पदार्थ ठरविले आहे. तोंड उघडणे हळूहळू अवघड करणारा विकारही सुपारीशीच निगडित आहे. सणावारी जेवणानंतरचा विडा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. ओठांच्या लालीसाठी म्हणून विडा खाणे मात्र परवडणारे नाही. कात-चुन्याचा लेप थेट ओठांना लावणेही चुकीचे आहे. चुन्याने त्वचा भाजते, काताने ती आक्रसते.

करंड्यातली प्रत्येक वस्तू ओठांची नव्हे

मेणाची डबी करंड्यातून घेतली म्हणून कुंकवाची डबीही घ्यावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. पारंपरिक कुंकू हळदीचे असते. हळद क्षारात लाल होते. ओठांवर लाळेचा ओलावा लागला की तो क्षारपणा ओसरतो आणि लाल कुंकू पुन्हा पिवळे पडू लागते. शिवाय कुंकू करताना वापरला जाणारा टाकणखार पोटात जाण्याजोगा नाही, आणि आजच्या बाजारातील पुष्कळसे कुंकू हळदीचे नसून कृत्रिम रंगाचे असते. बाटलीतील अळित्याचेही तेच. एकेकाळी तो लाखेचा होता, आज बहुधा रासायनिक रंगाचे पाणी असतो आणि पायांसाठीच तयार केलेला असतो.

शेंदूर तर कोणत्याही परिस्थितीत ओठांजवळ नेऊ नये. देवाच्या मूर्तीला लावला जाणारा शेंदूर हा बहुधा शिशाचा लाल ऑक्साइड असतो. पाऱ्याचे संयुग असलेला प्रकारही आहे. शिसे शरीरात साठत जाते, मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि त्याची निर्धोक म्हणावी अशी मात्रा ज्ञात नाही. सौंदर्यप्रसाधनांतील रंगांत शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत २० भागांहून अधिक असू नये, असे भारतीय नियम सांगतात. शेंदूर स्वतःच मुख्यत्वे शिशाचा असल्याने येथे तुलनेलाही जागा उरत नाही. शेंद्री आणि शेंदूर ही नावे रंगसाम्यामुळे जवळ आली आहेत, एवढेच. गुलाल, रांगोळीचे रंग आणि 'नैसर्गिक' असे लिहिलेले परंतु घटक न छापलेले पुडे याच पंक्तीत बसवावेत.

कृती

वीस ग्रॅम लालीसाठी, म्हणजे दोन लहान डब्यांसाठी, किसलेले मेण ५ ग्रॅम, कोकमतेल ५ ग्रॅम आणि रंगविलेले तेल १० ग्रॅम असे प्रमाण ठेवावे. कडक उन्हाळ्यात मेण ६ ग्रॅम करून तेल तेवढे कमी करावे. डिसेंबर-जानेवारीत मेण ४ ग्रॅम पुरते. कोकमतेल न मिळाल्यास साजूक तूप चालते, मात्र त्याचा वास राहतो व लाली लवकर खवट होते.

रंगीत तेल आदल्या दिवशी करून ठेवावे. एरंडेल व खोबरेल समप्रमाणात घेऊन त्यातील चार चमचे तेलात एक चमचा रतनजोतीचे तुकडे किंवा तितक्याच शेंद्रीच्या बिया घालाव्यात. भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास ठेवावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी मलमलमधून गाळावे. थेट आचेवर तेल ठेवू नये. शेंद्रीचा रंग जास्त तापल्यास तपकिरी पडतो. एरंडेल दाट असल्याने रंग ओठाला धरून ठेवते व चकाकी देते, म्हणून त्याच्या वासाला नाक मुरडून ते वगळू नये.

दुसऱ्या दिवशी त्याच पद्धतीने मेण वितळवून त्यात कोकमतेल व नंतर रंगीत तेल मिसळावे. बशीवर एक थेंब टाकून थंड होऊ द्यावा आणि बोटाने पाहावा. कडक वाटल्यास तेल, सैल वाटल्यास मेण वाढवावे. बिटाची पूड घालावयाची असल्यास भांडे उतरवून, मिश्रण किंचित दाटू लागल्यावर पाव चमचा घालून सतत ढवळावे, नाहीतर ती तळाशी बसते. डबी काचेची वा स्टीलची, उकळून पूर्ण कोरडी केलेली असावी. सर्व कृतीत पाण्याचा थेंब पडता कामा नये. पाणी शिरले की बुरशी धरते.

पहिल्यांदा वापरण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडी लाली लावून एक दिवस वाट पाहावी. खाज, पुरळ वा लाली आल्यास ती ओठांना लावू नये; 'झाडपाल्याचे आहे, काही होत नाही' हा समज चुकीचा आहे. पाणी न शिरलेली लाली साधारण तीन महिने टिकते, बिटाची पूड घातलेली तीन आठवड्यांत संपवावी. एकीची डबी दुसरीने वापरू नये. ओठांवरील पुटकुळ्यांचा विषाणूजन्य संसर्ग याच मार्गाने पसरतो.

ही लाली घरच्यांसाठी करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. बचत गटांनी ती प्रदर्शनात वा दुकानात विकावयाची ठरविल्यास मात्र ती सौंदर्यप्रसाधन ठरते. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार तिच्या उत्पादनासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून परवाना घ्यावा लागतो, आणि वेष्टनावर घटक, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक व वापराची मुदत छापावी लागते. लोणची-पापडांसाठी घेतलेली खाद्यपदार्थांची नोंदणी येथे चालत नाही.