एफ फॉर्मचा मागोवा

गरोदर बाई सोनोग्राफीला गेली की तपासणीआधी एक कागद भरून घेतात. आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं, कशासाठी पाठवलं. शेवटी तिची सही: गर्भाचं लिंग मला जाणून घ्यायचं नाही. हाच एफ फॉर्म. अनेक डॉक्टरांना तो जाच वाटतो. पण त्याची मुळं मुंबईतल्या एका लढ्यात आहेत.

गर्भजल परीक्षा 1970च्या दशकात भारतात आली ती जन्मजात व्यंगं शोधायला. पण तिच्यातून गर्भाचं लिंगही कळे. सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानावर बंदी आली, तसा हा धंदा खासगी दवाखान्यांत फोफावला. आज काही शे रुपये खर्च करा आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती राजरोस झळकत. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी 1986मध्ये मुंबईतल्या 50 स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. 42 जण लिंगनिदान करत होते आणि तसं सांगतही होते. ते लपवावं असंही कुणाला वाटलं नाही, हे मला आकड्याहून भयंकर वाटतं.

स्त्रीसंघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी मंच उभारून रेटा लावला. 1988मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. त्यात उणिवा होत्या. बाईलाही त्यात गुन्हेगार धरलं होतं. तरी वाट पडली. 1994चा केंद्रीय कायदा 1996पासून लागू झाला आणि त्याच्या नियमांतून एफ फॉर्म आला.

कागदावर इतका भर का? कारण या गुन्ह्याला फिर्यादीच नसतो. डॉक्टरला पैसे मिळतात, घरच्यांना उत्तर मिळतं, आणि जिचा जीव जातो ती जन्मलेलीच नसते. बंद खोलीत एक खूण पुरते. साक्षीदार कुठून आणणार? मागे राहते ती नोंद. कोणत्या बाईला आधी दोन मुली आहेत, तपासणीचं कारण कोरं का सोडलं, हे तिथेच दिसतं.

कायदा मात्र वर्षानुवर्षं निजून राहिला. ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज 2000मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा यंत्रणा हलली. 2003च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आणली. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 1991मध्ये 946 होत्या, त्या 2011मध्ये 894 झाल्या, बीडमध्ये 807.

फॉर्ममधल्या कारकुनी चुकांना गुन्हा मानू नये, अशी मागणी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना न्यायालयात गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये ती फेटाळली. फॉर्म नीट न भरणं हा आजही गुन्हाच आहे, आणि तो तसाच राहायला हवा.