स्वकीय रक्तमूलपेशी : संकलन व साठवण
रुग्णाच्याच रक्तमूलपेशी काढून, गोठवून, तीव्र केमोथेरपीनंतर त्यालाच परत देण्याची पद्धत; मुख्यतः मल्टिपल मायलोमा व लिम्फोमात वापरतात. जी-सीएसएफ या वाढ-घटकाची इंजेक्शने चार-पाच दिवस दिली की अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तात उतरतात. अफेरेसिस यंत्र त्या वेगळ्या करून उरलेले रक्त शरीरात परत सोडते. वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख सीडी-३४ पेशी (सीडी-३४ ही खूण असलेल्या मूलपेशी) लागतात. डीएमएसओ हे गोठणरक्षक द्रव्य मिसळलेल्या पेशींच्या पिशव्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत राहतात; त्याच द्रव्यामुळे पेशी देताना रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. ती मज्जा मात्र दात्याची होती. मेहकरसारख्या लहान शहरातील रुग्णाला स्वकीय प्रत्यारोपणासाठी मोठ्या शहरात काही आठवडे राहावे लागते. मुक्कामाचा हा खर्च उपचाराच्या हिशेबात धरायलाच हवा.