‘सिझेरियन’ : एका प्रसूतिवाचक शब्दाची व्युत्पत्ती

शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीस मराठी बोलण्यात ‘सीझर’ असे म्हणतात. ‘तिचे सीझर झाले’ या वाक्यात हा शब्द नपुंसकलिंगी नाम म्हणून वावरतो. मूळचे विशेषण ‘सिझेरियन’. त्याचा अंत्य भाग लोपून जे उरले ते नेमके एका रोमन पुरुषाचे नाव आहे. ज्यूलियस सीझर हा मातेचे उदर छेदून जन्मास आला आणि त्यावरून या शस्त्रक्रियेस त्याचे नाव मिळाले, ही समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. ती कितपत टिकते हे पाहणे केवळ शब्दकौतुकाचे काम नव्हे. कारण या शब्दाच्या इतिहासात प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या जीविताचा प्रश्न गुंतलेला आहे.

या समजुतीचा उगम थोरल्या प्लिनीच्या ‘नातुरालिस हिस्तोरिया’ या ग्रंथात सापडतो. इ. स. ७७ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या सातव्या खंडात, सीझर घराण्यातील पहिल्या पुरुषास मातेच्या छेदलेल्या गर्भाशयावरून ते नाव पडले, असे तो सांगतो. ‘काएदेरे’ म्हणजे कापणे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘काएसुस’. त्यापासून ‘काएसार’, अशी ही व्युत्पत्ती आहे. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, प्लिनी घराण्याच्या मूळपुरुषाविषयी बोलतो; ज्यूलियसचे नाव तो घेत नाही. इ. स. ६३६ मध्ये निवर्तलेल्या सेव्हिलच्या इसिडोरने मात्र हीच कथा ज्यूलियसला चिकटवली आणि ती माता मृत होती असेही स्पष्ट म्हटले.

इतिहास या कथेस अनुकूल नाही. ज्यूलियसचा जन्म इ. स. पू. १०० मधला, त्याची माता ऑरेलिया इ. स. पू. ५४ पर्यंत हयात होती. रोमन विधीत उदरच्छेदाचा उल्लेख येतो तो मृत स्त्रीच्या संदर्भात. नुमा राजाच्या नावावर घातलेला आणि जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये (इ. स. ५३३) जतन झालेला नियम असा की, गर्भवती मृत झाल्यास गर्भ बाहेर काढल्यावाचून तिचे दफन करू नये. या नियमास तेथे ‘लेक्स रेजिया’, म्हणजे राजविधी, म्हटले आहे. सीझरशी त्याचा संबंध नाही. शिवाय सीझर हे उपनाम ज्यूलियसहून पुष्कळ जुने आहे, इ. स. पू. २०८ मध्ये सेक्स्टस ज्यूलियस सीझर हा प्रेटर या अधिकारपदावर होता.

भाषेच्या दृष्टीनेही प्लिनीचे म्हणणे निर्विवाद नाही. अशा धातुसाधितापासून ‘-आर्’ लावून नाम सिद्ध करण्याची लॅटिनमध्ये नियमित रीत नाही. प्राचीनांनाही एकच व्युत्पत्ती मान्य नव्हती. कोणी दाट केसांच्या ‘काएसारिएस’ या शब्दाकडे, कोणी निळसर डोळ्यांच्या ‘काएसिउस’ या विशेषणाकडे, तर कोणी हत्तीच्या एका आफ्रिकी नावाकडे बोट दाखविले.

यांपैकी ‘काएसारिएस’चा संबंध पूर्वी संस्कृत ‘केश’, ‘केसर’ या शब्दांशी जोडला जात असे. मराठी वाचकाला हे साम्य लोभस वाटेल. पण ध्वनिनियम आड येतात. संस्कृत ‘श’च्या जागी लॅटिनमध्ये ‘क’ अपेक्षित असतो : शत—केंतुम, दश—देकेम. तेव्हा ‘केश’मधील ‘श’समोर लॅटिन ‘स’ बसत नाही. ‘केसर’मधील ‘स’ घ्यावा, तर वारसाने आलेल्या शब्दात एकारानंतर ‘ष’ व्हावयास हवा होता : सेनासु, परंतु देवेषु. सारांश, ‘काएसार’ या उपनामाचे मूळ निश्चित सांगता येत नाही. केवळ ध्वनिसाम्यावर उभी राहिलेली ही लोकव्युत्पत्ती असावी, असे मानणेच सयुक्तिक ठरते.

शस्त्रक्रियेचे नाव म्हणून हे विशेषण रूढ होण्यास फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ कारण झाले. फ्रांस्वा रूसे याने १५८१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘सिझेरियन प्रसूती’ असा प्रयोग केला. त्याच शीर्षकात गर्भाशय, छेद व प्रसव या अर्थांचे ग्रीक शब्द सांधून बनविलेली एक लांबलचक संज्ञाही होती. ती अर्थाने अचूक असूनही टिकली नाही, आणि अर्थाने संशयास्पद असलेले विशेषण टिकले. १५९८ मध्ये जाक गियमो याने त्यास छेदवाचक ‘सेक्शन’ हा शब्द जोडला. जर्मन भाषेने पुढे ‘कायझरश्निट’ म्हणजे अक्षरशः ‘सम्राटच्छेद’ अशी संज्ञा घडविली. कथेतील पुरुष तेथे नावाचाच घटक झाला.

रूसेने जिवंत स्त्रीवरील शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला असला, तरी तिची भीषणता पुढेही तीन शतके ओसरली नाही. १८७६ मध्ये पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो याने मातेचे प्राण वाचविण्यासाठी प्रसवानंतर गर्भाशयच काढून टाकले. १८८२ मध्ये माक्स झेंगर याने गर्भाशयाची जखम काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत प्रतिपादिली; तेव्हापासून गर्भाशय राखून माता वाचण्याची आशा वाढली.

भारतीय परंपरेतही आरंभ मृत मातेपासूनच होतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, मूढगर्भाच्या आठव्या अध्यायात, माता मृत झाली असून प्रसवकाळी कुक्षी स्पंदन पावत असेल, तर वैद्याने तत्काळ ती विदारून गर्भ काढावा, असे विधान आहे. तेथे क्रियेचा निर्देश साध्या क्रियापदांनी होतो. कोणा वीराचे नाव तीस दिलेले नाही.

म्हणजे शब्द तोच राहून त्याचा आशय उलटला आहे. इसिडोरच्या कथेत माता मेलेली होती, आणि नाव उरले ते पुत्राचे. आज ‘तिचे सीझर झाले’ या वाक्यात षष्ठी विभक्ती मातेची आहे, आणि ऐकणारा पुढचा प्रश्न विचारतो तो ‘बाळ-बाळंतीण दोघे सुखरूप ना?’ असा. व्युत्पत्ती संशयास्पद ठरली तरी शब्द टाकाऊ होत नाही. पण त्याच्या नावामागे दडलेली स्त्री अभ्यासकाच्या नजरेतून निसटू नये, एवढे खरे.