यंत्र हातची रेघ वाचायला कसे शिकले?

१/ स्थितिकीचा विद्यार्थी पुलाच्या सांगाड्याची आकृती काढतो आणि आधाराजवळचा बलाचा एक बाण विसरतो. पुढचे गणित बिनचूक, तरी उत्तर चूक. वही तपासून परत येईपर्यंत ती चूक अंगवळणी पडते. हातची आकृती यंत्राने तत्काळ तपासावी, या कल्पनेमागे सहा दशकांचा इतिहास आहे.

२/ १९६३. एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी 'स्केचपॅड' सिद्ध केले. टीएक्स-२ संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढायच्या. त्या समांतर हव्यात असे सांगितले की यंत्र तशा करून देई. मात्र सांगावे लागे. रेखाटणाऱ्याचा हेतू यंत्र स्वतः ओळखत नसे.

३/ १९६४. रँड कॉर्पोरेशनची टॅब्लेट आली : १० इंच चौरस, दर इंचाला १०० रेषा, म्हणजे सुमारे १० लाख बिंदू. तिच्यावर उभारलेली 'ग्रेल' प्रणाली ओबडधोबड चौकटही ओळखी आणि सुबक करून दाखवी.

४/ इकडे इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून 'प्लेटो' ही संगणकीय शिक्षणप्रणाली घडत होती. ती विद्यार्थ्याचे उत्तर तपासून लगेच प्रतिसाद देई. पण ते उत्तर मुख्यतः कळफलकावरून दिलेले असे. रेघ वाचणारे यंत्र आणि उत्तर तपासणारे यंत्र दीर्घकाळ वेगळ्या वाटांनी चालले.

५/ अडचण कोणती? एकच सरळ रेघ कुठे लोखंडी दांडा असते, कुठे बलाचा बाण, कुठे जमीन. तिचा अर्थ शेजारच्या रेघांवरून ठरतो. माणूस तो सहज लावतो. यंत्राला त्यासाठी भूमितीचे नियम शिकवावे लागले.

६/ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे 'न्यूटन्स पेन' तयार झाले. बारीक ठिपक्यांच्या कागदावर विद्यार्थी फ्री बॉडी डायग्राम काढी आणि लेखणीच आवाजातून मार्गदर्शन करी.

७/ पुढे टेक्सास ए अँड एम विद्यापीठात ट्रेसी हॅमंड यांच्या गटाने 'मेकॅनिक्स' घडवले. शिक्षकाने योग्य ट्रस एकदा हाताने काढायचा. विद्यार्थ्याचा ट्रस लहानमोठा वा वाकडा असला तरी चालेल. सांधे आणि दांडे यांची जोडणी जुळते का, हे यंत्र पाहते.

८/ म्हणजे येथे सुबकतेला नव्हे, समजुतीला गुण आहेत. स्केचपॅडने ओबडधोबड आकृत्या नेमक्या केल्या; नंतरच्या यंत्रांनी त्या तशाच राहू दिल्या आणि त्यांमागचा विचार तपासला. तोच या इतिहासाचा खरा टप्पा.