एम्सची तार

बातमींतील वाक्यें खरीं असूनहि बातमी फसवी असूं शकते. १३ जुलै १८७० रोजीं प्रशियाचा राजा विल्हेल्म एम्स येथें होता. आपल्या घराण्यांतील राजपुत्रास स्पेनच्या गादीसाठीं पुन्हां कधींहि उभें राहूं देणार नाहीं, असें वचन फ्रेंच वकील बेनेदेत्ती यानें मागितलें; राजानें तें नाकारलें. पुढें राजपुत्राची माघार पक्की झाल्याचें कळतांच, आतां आणखी बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असा निरोप त्यानें ॲडजुटंटकरवीं पाठविला. ही हकीकत तारेनें बर्लिनला गेली.

बिस्मार्क तेव्हां मोल्टके व रून यांच्यासह जेवावयास बसला होता. त्यानें तार छाटून वृत्तपत्रांस दिली. आपण एकहि शब्द वाढविला नाहीं, हें त्याचें म्हणणें बहुतांशीं खरें. पण निरोपाचें कारण गळलें, आणि राजानें वकिलास दारावरूनच परतविलें असा भास झाला. त्यांतून ॲडजुटंट म्हणजे जर्मनांत राजाच्या तैनातीचा सरदार, तर फ्रेंचांत सार्जंटच्या तोलाचा हुद्देदार! जर्मनांस वकील उद्धट वाटला, फ्रेंचांस राजा. एकाच मजकुरानें दोन्ही राष्ट्रें डिवचलीं गेलीं. १९ जुलैस फ्रान्सनें युद्ध पुकारलें.

मूळ तार राइशस्टागमध्यें वाचली गेली १८९२ सालीं. अल्सेस व लॉरेनचा कांहीं भाग फ्रान्सच्या हातून जाऊन तेव्हां एकवीस वर्षें झालीं होतीं.