ईडनवरचे दोन दिवस

१९ फेब्रुवारी १९९९, शुक्रवार. कोलकात्याचं ईडन गार्डन्स. खिशातलं तिकीट त्या दिवसाचं आहे, डोकं मात्र आजचं. त्यामुळे पुढे काय होणार ते लाखभर माणसांत फक्त तुम्हांला ठाऊक आहे. सांगून उपयोग नाही. शेजारच्या गृहस्थांनी तुम्हांला अर्धं संत्रं सोलून दिलंय, ‘दादा’ म्हणून जवळ सरकवून घेतलंय. माणूस अगदी सज्जन.

पाकिस्तानविरुद्धची कसोटी, भारताला जिंकायला २७९ धावा हव्यात. रमेश आणि लक्ष्मण यांनी सलामीलाच १०८ जोडल्यात आणि आता सचिन खेळतोय. परवा पहिल्या डावात शोएब अख्तरने लागोपाठच्या चेंडूंवर द्रविड आणि सचिनचे त्रिफळे उडवले होते. त्याचा हिशेब या स्टँडमध्ये प्रत्येकाने मनात लिहून ठेवलाय.

सचिन अक्रमचा चेंडू टोलवतो. दोन धावा होतात, तिसरीसाठी तो वळतो. नजर चेंडूवर आणि वाटेत यष्टीजवळ उभा शोएब. दोघांची टक्कर होते. बदली क्षेत्ररक्षक नदीम खानची लांबून आलेली फेक थेट यष्टीवर बसते. निर्णय तिसऱ्या पंचाकडे जातो. नियमाने धावबाद; सचिनच्या ९ धावा.

आधी कोणालाच काही कळत नाही. मग ‘चीट, चीट’ सुरू होतं, एका स्टँडमधून दुसऱ्यात पसरत जातं. पाकिस्तानचा कर्णधार म्हणून अक्रमने सचिनला परत बोलवायला हवं होतं, असं शेजारचे गृहस्थ तावातावाने सांगतात. तेवढ्यात शोएब क्षेत्ररक्षणाला सीमारेषेजवळ येतो.

आता स्टँडकडे नको, त्याच्याकडे बघा. तेवीस वर्षांचा पोरगा. त्याचं काम फलंदाजाकडे बघण्याचं, म्हणजे पाठ तुमच्याकडे. पहिली प्लास्टिकची बाटली त्याच्या मागे पडते, दुसरी बाजूला. तो मागे वळतो, पुन्हा पुढे बघतो. पाकिस्तानच्या या दौऱ्याआधी दिल्लीत कोटलाची खेळपट्टी खणली गेली, मुंबईत क्रिकेट मंडळाच्या कार्यालयात शिवसैनिकांनी तोडफोड केली. म्हणून या संघाभोवती पोलिसांचं कडं. कोणी मैदानात साप सोडेल या धास्तीने दिल्लीत तर गारुडीही तैनात होते म्हणे! सगळा बंदोबस्त बाहेरून घुसणाऱ्यांसाठी. रांगेत उभं राहून, पैसे मोजून आत आलेल्यांचं काय करायचं, हे मात्र कोणी ठरवलेलं दिसत नाही.

शेजारच्या गृहस्थांच्या हातात उरलेलं संत्रं असतं. एका क्षणी ते नसतं.

खेळाडूंना आत नेतात, चहापान लवकर घेतात. मग खुद्द सचिन बाहेर येतो, सोबत आयसीसीचे अध्यक्ष जगमोहन दालमिया, कोलकात्याचेच. दोघं मैदानाला फेरी मारतात, हात जोडून शांत राहायला विनवतात. सुमारे तासभराने खेळ सुरू होतो. ज्याच्यासाठी लोक भडकले त्यालाच विनवायला पाठवावं लागलं, यात कौतुकापेक्षा काळजीचं अधिक आहे. समजा सचिन चिडून खोलीतच बसला असता, तर? पाहुण्या खेळाडूची सुरक्षा यजमान संघातल्या एका माणसाच्या स्वभावावर टांगलेली होती.

याच मैदानावर १९९६च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत ८ बाद १२० असताना हेच झालं होतं. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. पण हा काही आपल्या लोकांचा अटळ स्वभाव नव्हे. तीनच आठवड्यांपूर्वी चेन्नईत सचिनने १३६ काढूनही पाकिस्तान १२ धावांनी जिंकला, आणि चेपॉक स्टेडियमने उभं राहून त्याच खेळाडूंना टाळ्या दिल्या. फेरी मारणाऱ्या पाकिस्तानी संघाकडे तिथल्या प्रेक्षकांची पाठ नव्हती.

शनिवारी तुम्ही पुन्हा त्याच जागी. भारत ६ बाद २१४ वरून सुरुवात करतो, गांगुली लवकर जातो, बघता बघता ९ बाद २३१. वर्तमानपत्रं पेटतात. दगड, फळं, बाटल्या. या वेळी विनवणी नाही. पोलीस काठ्या घेऊन स्टँडमध्ये शिरतात आणि ओळीने सगळ्यांना हुसकतात. सुमारे ६५ हजार माणसं. त्यात पोरंबाळं आहेत, म्हातारे आहेत, जागचं न हललेले आहेत.

“मी काही फेकलं नाही,” तुम्ही शिपायाला सांगता.

“सगळे हेच सांगतात,” म्हणत तो दंडाला धरून पुढे ढकलतो.

या सगळ्यात तीन तासांहून अधिक वेळ जातो. मग जेमतेम २०० लोकांसमोर, अवघ्या दहा चेंडूंत पाकिस्तान सामना संपवतो. ४६ धावांनी विजय. तुम्ही तोवर मैदानाबाहेरच्या गर्दीत ढकलले जात चौरंगीच्या दिशेने निघालेले. शेजारचे गृहस्थ भेटतात. चप्पल एकच उरलीय. निकालाचं ते विचारत नाहीत.

“दादा,” ते म्हणतात, “आजच्या तिकिटाचे पैसे परत मिळतील का हो?”