कोंबडी स्वयंपाकघरात आली त्याची गोष्ट



परवा नातवाने विचारलं, "आजोबा, चिकनला व्हाइट मीट म्हणतात, मग तंगडी काळपट का?" त्यावरून जुनं सगळं आठवलं.

माझं लहानपण काचीगुड्यात गेलं. 1960 च्या सुमारास आमच्याकडे रविवार म्हणजे मटण. आजीला कोंबडी स्वयंपाकघरात चालत नसे. कधी आणलीच तर मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर शिजायची. शिवाय गावरान कोंबडी महाग पडे.

चित्र पालटलं ते माझ्या नोकरीच्या काळात. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, ती आपल्या हैदराबादेतच. पुढे मुख्यालय पुण्याला गेलं. पोल्ट्रीची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावर येत. सहा-सात आठवड्यांत विक्रीला तयार होणारी ब्रॉयलर पाहून माझ्यासारखा कॉमर्सवाला थक्कच झाला. भांडवल इतक्या लवकर फिरतं! बघता बघता चिकन मटणापेक्षा स्वस्त झालं आणि आजीच्या माघारी थेट गॅसवर चढलं.

मग आमच्या दादाला हार्टचा त्रास झाला. डॉक्टर म्हणाले, लाल मांस कमी करा, पांढरं चालेल. दादाने मटण सोडलं. पण कातडीसकट तळलेलं चिकन मोकळं रान समजून खाल्लं. आम्हीही अडवलं नाही. 2006 मध्ये तो गेला. सिगारेटही होती, सगळा दोष कोंबडीला देत नाही. पण रंगापलीकडे कुणी विचारलंच नाही, ही खंत आहे.

रंग येतो मायोग्लोबिनमुळे. स्नायूत प्राणवायू साठवणारं हे प्रथिन. कोंबडी दिवसभर चालते, म्हणून तंगडी गडद. उडते क्वचित, म्हणून छाती पांढरी. कबुतर भरपूर उडतं, त्याची छातीही लालसर. मटणात लोह आणि बी-12 जास्त. चिकनची बरीचशी चरबी कातडीत, ती काढली तरच फायदा. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आणि लाल मांस 'बहुधा' या गटात टाकलं.

आपल्या हलीमला 2010 मध्ये जीआय मानांकन मिळालं. रमजानात मी अजूनही खातो, पण एकच वाटी. दुसरीला "नक्को" म्हणतो, दादाची आठवण काढून.

तुमच्या घरी कोंबडी स्वयंपाकघरात कधी आली? जरूर लिहा.